‘लेट’ची दोन कुळे : पासपोर्टाच्या पानावर उरलेल्या एका क्रियापदाचा इतिहास

१/
घरात कुणाचा पासपोर्ट असेल तर तो उघडून सुरुवातीचे पान पाहा. भारताच्या राष्ट्रपतींच्या नावाने जगातील सर्व संबंधितांना केलेली एक विनंती तिथे हिंदी आणि इंग्रजी अशा दोन भाषांत छापलेली असते. पासपोर्टधारकाला ‘बिना रोक-टोक’ येऊ-जाऊ द्यावे, असे हिंदी मजकूर सांगतो. इंग्रजी मजकुरात त्याच जागी शब्द आहेत : ‘विदाउट लेट ऑर हिन्ड्रन्स’. हा धागा त्यातल्या ‘लेट’ या एका शब्दाविषयी आहे.

२/
‘लेट’ म्हणजे ‘करू देणे’, हे आपण पाचवी-सहावीतच शिकतो. हा अर्थ इथे लावून पाहिला तर विनंतीचे रूप विचित्र होते : धारकाला ‘परवानगीशिवाय किंवा अडथळ्याशिवाय’ जाऊ द्यावे! कोणतेही सरकार असे लिहिणार नाही. हिंदी मजकूर तर स्पष्टच ‘रोक’ म्हणतो. म्हणजे इथल्या ‘लेट’चा अर्थ ‘अडवणूक’ असा असला पाहिजे. एकाच शब्दाचे ‘करू देणे’ आणि ‘करू न देणे’ असे दोन अर्थ कसे झाले?

३/
उत्तर थोडक्यात असे : हा शब्द मुळात एक नव्हताच. सुमारे ५व्या ते ११व्या शतकांदरम्यानच्या जुन्या इंग्रजीत दोन निरनिराळी क्रियापदे होती. पहिले ‘लॅतन’, त्यातला पहिला स्वर दीर्घ. अर्थ : सोडणे, राहू देणे, करू देणे. दुसरे ‘लेत्तन’, त्यात स्वर ऱ्हस्व आणि ‘त’ जोड. अर्थ : अडवणे, खोळंबा करणे. त्या काळच्या माणसाला ही दोन क्रियापदे ऐकताना घोटाळा होण्याचे कारण नव्हते. उच्चार वेगळे होते आणि रूपे चालवण्याची रीतही वेगळी होती.

४/
पहिल्या क्रियापदाचे घराणे आजही भरभराटीत आहे. पाणी बाहेर सोडणारे ते ‘आउटलेट’, आत घेणारे ते ‘इनलेट’. शीर उघडून रक्त वाहू देण्याची जुनी वैद्यकी म्हणजे ‘ब्लडलेटिंग’. घर दुसऱ्याला वापरू देणे म्हणजे भाड्याने देणे. म्हणून आपल्या शहरांतल्या गॅलऱ्यांवर ‘टू लेट’च्या पाट्या लटकतात. सोडणे, वाहू देणे, राहू देणे, वापरू देणे : हे सगळे अर्थ एकाच मुळापासून क्रमाक्रमाने फुटलेले आहेत. त्यांत कुठेही उडी नाही.

५/
दुसऱ्या क्रियापदाचे मूळ शोधण्यासाठी आधी एक विशेषण पाहावे लागते. जुन्या इंग्रजीत ‘लॅत’ म्हणजे मंद, सावकाश, मागे पडलेला. इथला स्वर ऱ्हस्व. याच विशेषणापासून आजचे ‘लेट’ म्हणजे ‘उशिरा’ हे रूप आले. त्याचेच तर-वाचक रूप ‘लॅटर’ आणि तम-वाचक रूप ‘लास्ट’. मुळात ‘लास्ट’ म्हणजे सर्वांत उशिरा आलेला. या विशेषणाला प्रत्यय लागून जे क्रियापद झाले ते ‘लेत्तन’. त्याचा शब्दशः अर्थ ‘मंद करणे’, ‘उशीर करवणे’. माणसाला उशीर करवायचा तर त्याला अडवावे लागते. तिथून ‘अडवणे’ हा अर्थ रूढ झाला.

६/
गंमत अशी, की या कोड्याची किल्ली मराठी माणसाच्या तोंडी रोज असते. गाडी लेट आहे. ऑफिसात लेट मार्क लागला. ‘मला लेट करू नकोस.’ आपण ज्या अर्थाने ‘लेट करणे’ म्हणतो, जवळजवळ त्याच अर्थाने ‘लेत्तन’ हे क्रियापद हजार वर्षांपूर्वी इंग्लंडात वापरात होते. इंग्रजी लिपीत ‘उशिरा’चा लेट आणि ‘अडथळ्या’चा लेट यांची अक्षरे वेगळी पडतात, म्हणून त्यांचे नाते इंग्रजांच्याही चटकन लक्षात येत नाही. देवनागरीत मात्र दोघे एकाच पोशाखात समोर येतात. पासपोर्टातला शब्द ‘लेट न करता’ असा वाचला, की अर्थ लागतो.

७/
ही दोन क्रियापदे खरोखर वेगळी होती, हे कशावरून म्हणायचे? इंग्रजीच्या बहिणींना विचारायचे. डच भाषेत ‘लाटन’ म्हणजे करू देणे, आणि ‘बेलेटन’ म्हणजे अडवणे. जर्मनमध्ये ‘लासन’ म्हणजे करू देणे. दुसऱ्या क्रियापदाच्या कुळातले ‘फेरलेट्सन’ आज ‘इजा करणे’ या अर्थाने वापरतात. आइसलँडिकमध्ये ‘लाउता’ आणि ‘लेत्या’ अशी स्वतंत्र जोडी आहे. ४थ्या शतकात वुल्फिला या बिशपने बायबलचे गॉथिक भाषांतर केले. त्या भाषेतही दोन्ही वेगळीच आहेत. सगळ्या बहिणींनी दोघांना वेगळे ठेवले. एकट्या इंग्रजीच्या घरात ती एकरूप झाली.

८/
आणखी मागे, लेखनाच्याही अलीकडे-पलीकडे गेलो तर भाषाशास्त्रज्ञ या दोघांना एकाच आदिम धातूपाशी नेतात. त्या धातूचा अर्थ ‘सैल पडणे, सैल सोडणे’. पकड सैल केली म्हणजे ‘सोडणे’. अंग सैल पडले म्हणजे ‘मंद होणे’. लॅटिन ‘लासुस’ म्हणजे थकलेला हा त्याच धातूचा वंशज, आणि इंग्रजीतला ‘अलास’ हा खेदाचा उद्गार त्या लॅटिन शब्दापासून फ्रेंचमार्गे आला. म्हणजे दोन्ही ‘लेट’ फार दूरचे भाऊबंद आहेत. पण इंग्रजी ही स्वतंत्र भाषा होण्याच्या कितीतरी आधी त्यांची वाटणी झालेली होती. इंग्रजीपुरते बोलायचे तर ते दोन शब्दच.

९/
मग ते एकरूप झाले कसे? कुणी ठरवून केले नाही. उच्चार झिजत गेले. ११व्या शतकानंतरच्या इंग्रजीत शब्दांच्या शेवटचे प्रत्यय बोथट होऊ लागले आणि ‘-अन’ हा क्रियापदाचा शेवट हळूहळू गळून पडला. जोड व्यंजनाचा जोर नाहीसा झाला. ‘लॅतन’मधला दीर्घ स्वर कालांतराने ऱ्हस्व झाला. दोन नद्यांची पात्रे शतकभरात थोडीथोडी सरकावीत आणि एके दिवशी एकमेकींना मिळावीत, तसे हे घडले. उरले एकच रूप : लेट.

१०/
भूतकाळाची रूपेही वाचली नाहीत. ‘लॅतन’चा भूतकाळ मुळातला स्वर बदलून होत असे आणि ‘लेत्तन’चा प्रत्यय लावून. ही खूण टिकली असती तर निदान भूतकाळात तरी दोघांना ओळखता आले असते. पण तिथेही शेवट झिजले आणि दोन्हीकडे ‘लेट’च उरले. आज ‘लेट’चा वर्तमानकाळ, भूतकाळ आणि कृदंत ही तिन्ही रूपे सारखीच आहेत. अर्थ ओळखण्याचा भार आता एकट्या संदर्भावर आला.

११/
संदर्भ हा भार किती काळ पेलू शकला? बराच काळ. याचा उत्तम पुरावा इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याच्या आश्रयाने १६११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बायबलमध्ये आहे. ‘निर्गम’ या पुस्तकाचा ५वा अध्याय पाहा. मोशे आणि अहरोन इजिप्तच्या फारोसमोर उभे राहतात आणि देवाचा निरोप सांगतात, की माझ्या लोकांना जाऊ दे. इथे क्रियापद आहे ‘लेट’. अर्थ ‘करू देणे’. हे झाले १ल्या वचनात.

१२/
आता ४थे वचन. फारो संतापून विचारतो, की तुम्ही लोकांना त्यांच्या कामापासून का अडवता? इथेही क्रियापद ‘लेट’च, अर्थ ‘अडवणे’. तीन वचनांच्या अंतरात एकच रूप दोन विरुद्ध अर्थांनी आले. भाषांतर करणारे ते विद्वान गाफील नव्हते. ते पुस्तक चर्चमध्ये मोठ्याने वाचण्यासाठी होते आणि ऐकणारे बहुसंख्य लोक अल्पशिक्षित होते. तरीही त्यांनी हा शब्द ठेवला, याचा अर्थ १६११च्या श्रोत्याला दोन्ही अर्थ तितकेच ओळखीचे होते. आजचा वाचक मात्र ४थ्या वचनापाशी अडखळतो. त्याला वाटते, फारो म्हणतोय ‘तुम्ही लोकांना काम का करू देता?’

१३/
त्याच सुमाराचे दुसरे उदाहरण शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’मध्ये आहे. पहिल्या अंकाच्या ४थ्या प्रवेशात मृत पित्याची छाया हॅम्लेटला खुणावते. होरेशिओ आणि मार्सेलस त्याला जाऊ देत नाहीत, धरून ठेवतात. हॅम्लेट धमकी देतो, की जो मला ‘लेट’ करील त्याचेच मी भूत करीन. आजचा अर्थ घेतला तर वाक्य नेमके उलटे होते : ‘जो मला जाऊ देईल त्याला मी मारीन’! रंगमंचावर झटापट चाललेली दिसते म्हणून प्रेक्षक तरून जातो. नुसते पान वाचणाऱ्याला टीप लागते. आगरकरांनी याच नाटकाचे ‘विकारविलसित’ हे मराठी रूप १८८३ मध्ये प्रसिद्ध केले. अशा नाटकाच्या मराठी भाषांतरकारापुढे तर अशी स्थळे पावलोपावली असतात.

१४/
दोन शब्द एकाच रूपात आले की पुढे काय होते? या प्रश्नाचा पद्धतशीर अभ्यास फ्रान्समध्ये झाला. झ्यूल झिलिएरों या भाषाशास्त्रज्ञाने फ्रान्सच्या बोलींचा नकाशासंग्रह करायचे ठरवले आणि गावोगावी पाठवण्यासाठी निवडला एदमों एदमों नावाचा माणूस. हा पेशाने किराणा दुकानदार, पण कानाचा अत्यंत तिखट. १८९७ ते १९०१ या काळात त्याने ६३९ ठिकाणे पालथी घातली, बरीचशी सायकलवरून. प्रत्येक ठिकाणी तीच प्रश्नावली विचारून उत्तरे जशी ऐकली तशी टिपली. १९०२ पासून हे नकाशे प्रसिद्ध होऊ लागले.

१५/
त्या नकाशांत नैर्ऋत्य फ्रान्समधील गॅस्कनी प्रांतात एक चमत्कारिक गोष्ट दिसली. तिथल्या काही भागात लॅटिनमधील शब्दान्तीच्या दुहेरी ‘ल’चा ‘त’ झाला होता. त्यामुळे कोंबडा या अर्थाचा ‘गालुस’ तिथे ‘गात’ व्हायला हवा होता. पण मांजरालाही तिथे ‘गात’च म्हणत. शेतकऱ्याच्या अंगणात मांजर आणि कोंबडा एकाच नावाचे! आणि नेमक्या त्याच भागात कोंबड्याचे जुने नाव नाहीसे झाले होते. त्याऐवजी कुठे फेझंट पक्ष्याचे नाव, कुठे ‘व्हिकेरियस’ या लॅटिन पदनामावरून आलेला शब्द कोंबड्यासाठी चालत होता. झिलिएरोंचा निष्कर्ष : एकाच परिस्थितीत वापरले जाणारे दोन शब्द एकरूप झाले, तर त्यांतल्या एकाला जागा सोडावी लागते.

१६/
‘लेट’ला हे तंतोतंत लागू पडते. ‘वात’ या मराठी रूपाशी तुलना करा. दिव्याची ‘वात’ संस्कृत ‘वर्ति’पासून आली आणि वारा या अर्थाचा ‘वात’ हा वेगळाच संस्कृत शब्द. पण ‘ती वात’ आणि ‘तो वात’ असा लिंगभेद आहे, वापराची क्षेत्रे वेगळी आहेत. म्हणून दोन्ही शब्द सुखाने नांदतात. ‘लेट’चे दोन्ही अर्थ मात्र एकाच क्षेत्रातले : कुणाला काही करायचे आहे आणि दुसरा कुणी त्याच्या वाटेत आहे. ‘त्याला लेट करू नका’ असा हुकूम आला तर पहारेकऱ्याने दार उघडायचे की लावायचे?

१७/
निकाल ‘करू देणे’च्या बाजूने लागला, कारण तो अर्थ भाषेत फार खोल रुजलेला होता. आज्ञा, विनंती, सूचना या सर्वांत तो लागतो. ‘अडवणे’च्या बाजूला मात्र पर्याय तयार होते : ‘हिंडर’, ‘स्टॉप’, आणि लॅटिनमधून आलेला ‘प्रिव्हेंट’. १८८१ मध्ये इंग्रजी नव्या कराराची सुधारित आवृत्ती निघाली, तेव्हा पौलाच्या पत्रांतील हे जुने ‘लेट’ बदलून तिथे ‘अडवणे’ आणि ‘आवरणे’ या अर्थांचे चालू शब्द घातले गेले. एक इशारा इथेच देऊन ठेवतो : त्याच १६११च्या बायबलमध्ये ‘प्रिव्हेंट’चा अर्थ ‘आधी पोहोचणे’ असाही आहे. जुने पान वाचताना एका शब्दापाशी सावध होऊन भागत नाही.

१८/
‘लेट’ एकटा नाही. ‘क्लीव्ह’ या क्रियापदाचे अर्थ ‘चिरणे’ आणि ‘चिकटून राहणे’ असे आहेत. इथेही जुन्या इंग्रजीतली दोन निराळी क्रियापदे झिजून एक झाली. डचमध्ये ‘क्लोव्हन’ म्हणजे चिरणे आणि ‘क्लेव्हन’ म्हणजे चिकटणे, हा भेद आजही शाबूत आहे. इंग्रजीत या टकरीनंतर दोन्ही अर्थ रोजच्या बोलण्यातून मागे सरले. चिरण्यासाठी ‘स्प्लिट’ आला, चिकटण्यासाठी ‘स्टिक’ आणि ‘क्लिंग’ होतेच. खाटकाचा सुरा तेवढा ‘क्लीव्हर’ म्हणून जुने नाव राखून आहे.

१९/
हरलेला शब्द मरतोच असे नाही. तो आडबाजूला, जिथे भाषा सहसा बदलत नाही अशा ठिकाणी राहतो. एक ठिकाण म्हणजे खेळ. टेनिसमध्ये सर्व्हिसचा चेंडू जाळीला घासून योग्य चौकटीत पडला, की पंच ‘लेट’ पुकारतो आणि ती सर्व्हिस पुन्हा होते. शेजारच्या कोर्टावरचा चेंडू मध्येच घरंगळत आला तरीही ‘लेट’च. तिथे तर शब्दाचा अर्थ डोळ्यांना दिसतो : खेळात अडथळा आला. बॅडमिंटन आणि टेबल टेनिसमध्येही हाच शब्द आहे. हे शब्द पुकारणाऱ्या मुलांना आपण हजार वर्षांपूर्वीचे क्रियापद उच्चारतो आहोत, याची कल्पना नसते.

२०/
दुसरे ठिकाण म्हणजे कायदा. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर दरबाराची आणि न्यायाची भाषा फ्रेंच झाली, नोंदी लॅटिनमध्ये राहिल्या आणि सामान्य लोक इंग्रजीच बोलत राहिले. १३६२ मध्ये न्यायालयातील युक्तिवाद इंग्रजीत चालावेत असा कायदा झाला. गंमत म्हणजे तो कायदा लिहिला होता फ्रेंचमध्ये. अशा बहुभाषिक व्यवहारात लेखनिकांना एकाच गोष्टीसाठी दोन शब्द जोडून लिहिण्याची सवय लागली. ‘विल अँड टेस्टामेंट’मधील पहिला शब्द देशी, दुसरा लॅटिन. ‘ब्रेकिंग अँड एंटरिंग’मध्ये देशी आणि फ्रेंच. एक शब्द कळला नाही तर दुसरा कळावा, आणि पळवाटही राहू नये.

२१/
‘लेट ऑर हिन्ड्रन्स’ ही त्याच सवयीची जोडी. इथे दोन्ही धातू देशी आहेत, फक्त ‘हिन्ड्रन्स’ला फ्रेंच शेपूट जोडलेले. ‘लेट’चा अर्थ लोकांच्या मनातून पुसला गेला तरी शेजारचा शब्द त्याचे भाषांतर करीत उभा राहिला, म्हणून ही जोडी टिकली. अशा जोड्या आपल्याकडेही आहेत, आणि कारणही तसेच : राज्यकारभाराची फारसी आणि लोकांची मराठी शतकानुशतके शेजारी नांदल्या. कागदपत्र, धनदौलत, बाजारहाट, रीतिरिवाज. प्रत्येक जोडीत एक शब्द फारसी-अरबी वाटेने आलेला, दुसरा इथला. जुन्या मराठी सनदांत ‘मुजाहीम न होणे’ असा हुकूम आढळतो; मुजाहीम म्हणजे अडथळा करणारा. पासपोर्टातील ‘विदाउट लेट’चाच तो मराठी दप्तरातला जुळा भाऊ.

२२/
आता आपल्याच एका क्रियापदाकडे वळू : ‘पुसणे’. पाटी पुसणे, डोळे पुसणे, पायपुसणे, पुसट. इथे अर्थ ‘घासून काढणे’. दुसरे ‘पुसणे’ म्हणजे विचारणे. ते संस्कृत ‘प्रच्छ्’ या धातूपासून प्राकृतमार्गे आले. पहिल्याचा संबंध संस्कृत ‘प्रोञ्छ्’शी, म्हणजे ‘उंछवृत्ती’तल्या ‘उञ्छ्’ धातूशी लावतात. मुळे साफ निराळी. हिंदीने ‘पूछना’ आणि ‘पोंछना’ असा भेद राखला. मराठीत दोन्ही ‘पुसणे’ झाली. डचने राखलेला भेद इंग्रजीत मिटला, तसेच. आणि एक जाता जाता : ‘प्रच्छ्’चा आदिम धातू आणि इंग्रजी ‘प्रे’ म्हणजे प्रार्थना करणे याचा आदिम धातू एकच आहे.

२३/
मराठीतही टक्कर झाली आणि एकाला मागे सरावे लागले. १३व्या शतकातील लीळाचरित्रात आणि ज्ञानेश्वरीत विचारण्यासाठी ‘पुसणे’ सर्रास येते. आजच्या प्रमाण मराठीत ती जागा ‘विचारणे’ने घेतली आहे. जुन्या ग्रंथात कुणी ‘वाट पुसली’ असे वाचून एखाद्या शाळकरी मुलाला रस्ता फडक्याने स्वच्छ केल्याचे चित्र दिसले, तर दोष त्याचा नाही. ती त्याची हॅम्लेटची ओळ आहे. मात्र हरलेला अर्थ इथेही पूर्ण गेला नाही. विदर्भातल्या बोलण्यात तो जिवंत आहे. ‘म्हातारपणी कोणी पुसत नाही’ या वाक्यात आहे. आणि ‘विचारपूस’ या जोडीत आहे, जिथे ‘विचार’ हा शेजारी त्याला हात धरून उभा आहे. ‘लेट’जवळ जसा ‘हिन्ड्रन्स’.

२४/
एक खबरदारी. दोन लांबचे अर्थ दिसले की दोन शब्द असलेच पाहिजेत, असे नाही. ‘हरकत’ घ्या. अरबीत अर्थ ‘हालचाल’. मराठी गायनात ‘हरकत’ म्हणजे सुरांची नाजूक हालचाल; व्यवहारात ‘हरकत’ म्हणजे आक्षेप, अडथळा. हा एकच शब्द आहे, अर्थ सरकत गेले. मग फरक कसा ओळखायचा? दोन साक्षी काढायच्या. पहिली काळाची : मागे जात गेल्यावर रूपे वेगळी होतात की एकच राहतात? दुसरी बहिणींची : शेजारच्या भाषांत दोन शब्द आहेत की एक? ‘लेट’ आणि ‘पुसणे’ या दोन्ही साक्षींत दोन ठरतात. ‘हरकत’ एकच ठरतो.

२५/
इतिहासाच्या विद्यार्थ्याने हे का शिकावे? कारण जुन्या कागदातला सर्वांत धोकादायक शब्द अनोळखी शब्द नसतो. अनोळखी शब्दासाठी आपण कोश उघडतो. फसवतो तो ओळखीचा दिसणारा शब्द, कारण तिथे आपण थांबतच नाही. एखाद्या १६व्या शतकातील इंग्रजी आदेशात ‘लेट’चा आजचा अर्थ धरला, तर मनाई केलेल्या माणसाला आपण परवानगी दिल्याचे लिहून मोकळे होऊ, आणि त्या चुकीवर पुढचा सगळा युक्तिवाद रचू. म्हणून वाक्य ओळखीचे असूनही प्रसंगाशी जुळत नसेल, तर लेखकाला मूर्ख ठरवण्याआधी शब्दाचे वय तपासावे.

२६/
शेवटी पुन्हा पासपोर्टाकडे. ब्रिटिश पासपोर्टातही ही जोडी आहे. तिथे विनंती राजसत्तेच्या नावाने होते, आपल्याकडे प्रजासत्ताकाच्या राष्ट्रपतींच्या. नावे बदलली, जोडी तशीच राहिली. हिंदी मजकुरातही पाहा, ‘रोक-टोक’ अशी जोडीच आली आहे. शिक्षणासाठी, नोकरीसाठी परदेशी निघालेली मुलगी विमानतळावर रांगेत उभी असते तेव्हा तिच्या हातातल्या पुस्तिकेत हे क्रियापद तिच्या बाजूने बोलत असते : हिला अडवू नका, हिचा खोळंबा करू नका.

२७/
हा धागा इथे संपतो. तुमच्या घरच्या बोलीत ‘पुसणे’ विचारण्याच्या अर्थाने येते का? कोणत्या गावात, कोणाच्या तोंडी? आणि एकच रूप पण दोन मुळे असलेले आणखी मराठी शब्द तुम्हाला आठवतात का? उत्तरात जरूर लिहा, गावाच्या नावासकट. एदमोंकडे सायकल होती, आपल्याकडे हा धागा आहे. आठवत नसेल तर आजीला पुसा. तिने अर्थ लगेच ओळखला, तर तीही एक साक्ष झाली.